झाडात राहिलेला पंख

आजचं वाचन : मत्तय २:१३–१५



आजचा भाग फक्त तीन वचनांचा आहे. मागी लोक निघून गेलेत. रात्री योसेफाला स्वप्नात दूत दिसतो. हेरोद बाळाच्या जिवावर उठलाय, बाळाला आणि त्याच्या आईला घेऊन मिसर देशात पळून जा, मी सांगेपर्यंत तिथेच राहा, असं तो सांगतो. योसेफ उठतो, रात्रीच निघतो. संपलं. वाचायला एक मिनिटही लागत नाही. आमच्या चर्चच्या नाताळच्या नाटकात तर हा भाग कधी यायचाच नाही. मागी लोकांनी भेटी ठेवल्या की पडदा पडायचा, आणि आम्ही मुलं केक खायला पळायचो.

मोठी झाल्यावर हा भाग पुन्हा वाचला तेव्हा एक गोष्ट खटकली. मी तुझ्यासोबत येतो असं दूत म्हणत नाही. निरोप देतो आणि जातो. आणि त्या प्रवासाबद्दल मत्तय एक ओळही लिहीत नाही. किती दिवस लागले, रात्री कुठे थांबले, पाणी कुणी दिलं, मरीया रडली का, काहीच नाही. एका वचनात ते बेथलेहेमात असतात आणि पुढच्या वचनात मिसरात.

त्या न सांगितलेल्या रस्त्याचं एक चित्र आज तुम्हाला दाखवायचंय. आणि ज्याने ते केलं त्याचं आयुष्यही थोडं सांगायचंय, कारण त्या चित्रात जे घडलं ते त्याच्या घरातही घडत होतं.

माणूस आहे रेम्ब्रांट. नाव तुम्ही ऐकलेलं असणार. १५ जुलै १६०६ ला हॉलंडमधल्या लायडन गावात त्याचा जन्म झाला. वडील गिरणीवाले, आई बेकरीवाल्याची मुलगी. ऱ्हाईन नदीकाठची पवनचक्की, म्हणून आडनाव ‘फान राईन’. भावंडं बरीच, त्यातला हा शाळेत घातलेला. लॅटिन शिकला, चौदाव्या वर्षी विद्यापीठात नाव घातलं, पण मन रमलं नाही. आधी गावातल्या एका चित्रकाराकडे सुमारे तीन वर्षं, मग अ‍ॅम्स्टरडॅममध्ये पीटर लास्टमन यांच्याकडे सहा महिने. लास्टमन बायबलमधल्या गोष्टी रंगवायचे, आणि रेम्ब्रांटला तिथे जी गोडी लागली ती शेवटपर्यंत सुटली नाही. अब्राहाम, शमशोन, दावीद, उधळ्या पुत्र, थोमा. बायबलची पानं उलटत जा, बहुतेक ठिकाणी हा माणूस आधी येऊन गेलेला सापडेल.

पंचविशीत तो अ‍ॅम्स्टरडॅमला आला आणि बघता बघता शहराचा लाडका चित्रकार झाला. १६३४ मध्ये सास्कियाशी लग्न झालं. ती चांगल्या घरची, हुंडा घेऊन आलेली पोरकी मुलगी. १६३९ मध्ये त्याने मोठ्या रस्त्यावर १३,००० गिल्डरचं घर घेतलं. पैसे हप्त्याहप्त्याने द्यायचे होते. ईएमआय भरणाऱ्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको. शिवाय त्याला जमवण्याचा भारी नाद होता. शंख-शिंपले, जुनी शस्त्रं, इटलीची छापचित्रं, दूरदेशीचे कपडे, लिलावात दिसलं की बोली लावायची.

घरात मात्र पाळणा रिकामा होत राहिला. पहिला मुलगा दोन महिन्यांचा होऊन गेला. मग मुलगी झाली, आजीचं कॉर्नेलिया हे नाव ठेवलं, तीही गेली. दोन वर्षांनी पुन्हा मुलगी, पुन्हा तेच नाव, तीही काही दिवसांतच गेली. १६४१ मध्ये झालेला टायटस तेवढा जगला. (आपल्या मराठी बायबलमध्ये हेच नाव ‘तीत’ असं आहे.) बाळ वर्षाचं व्हायच्या आत, जून १६४२ मध्ये, सास्किया गेली. तिशीही गाठली नव्हती तिने. त्याच वर्षी त्याने ‘नाईट वॉच’ नावाचं ते जगप्रसिद्ध प्रचंड चित्र पूर्ण केलं.

इथून पुढचा भाग लिहिताना माझा हात अडखळतो. भक्तिपर लेखांत अशा माणसांची आयुष्यं धुऊन-पुसून सांगायची सवय आपल्याला आहे. पण ते खरं होणार नाही.

टायटसला सांभाळायला गेर्ट्ये डिर्क्स नावाची एक विधवा घरात आली. पुढे तिचे आणि रेम्ब्रांटचे संबंध जुळले. त्याने तिला सास्कियाचे दागिनेसुद्धा दिले. मग काही वर्षांनी हेंड्रिक्ये स्टोफेल्स ही तरुण मुलगी कामाला आली आणि त्याचं मन तिकडे वळलं. लग्नाचं वचन मोडलं म्हणून गेर्ट्ये १६४९ मध्ये त्याच्याविरुद्ध दाद मागायला गेली. त्याने तिला वर्षाला २०० गिल्डर द्यावेत असा निकाल लागला. दुसऱ्या वर्षी रेम्ब्रांटने तिच्या सख्ख्या भावाला हाताशी धरलं, शेजाऱ्यांच्या जबान्या गोळा केल्या आणि तिला खाउडा गावातल्या सुधारगृहात डांबलं. पाच वर्षं. ती सुटू नये म्हणूनही त्याने प्रयत्न केले.

आणि हे चाललं होतं साधारण त्याच सुमाराला, जेव्हा त्याने आजारी, पांगळे, म्हातारे लोक प्रभू येशूकडे येताहेत असं ते सुप्रसिद्ध ‘शंभर गिल्डरचं छापचित्र’ केलं. मत्तयाच्या १९ व्या अध्यायावरचं. ते पाहिलं की डोळ्यांत पाणी येतं. ज्या हाताने त्या चित्रातली एकेक लाचार माणसं इतक्या मायेने कोरली, त्याच हाताने त्या बाईला कोंडण्याची कागदपत्रं पुढे सरकवली. मला हे जुळवता येत नाही. जुळवायचा प्रयत्नही मी सोडून दिलाय.

आता १६५३ सालाकडे येऊ. घर घेऊन चौदा वर्षं झालेली, तरी व्याज आणि कर धरून ८,००० गिल्डरहून जास्त बाकी. घर विकणाऱ्याने तगादा लावलेला. इंग्लंडशी समुद्रावर युद्ध चालू, व्यापार थंड, बाजारात पैसा नाही. रेम्ब्रांटने ओळखीच्या तिघांकडून मिळून ९,००० गिल्डरपेक्षा जास्त उसने घेतले. जुनं कर्ज फेडायला नवं कर्ज. शेवट काय होतो ते आपल्याला ठाऊक आहे.

याच सुमाराला त्याने एक जुना तांब्याचा पत्रा कामाला घेतला. पत्रा त्याचा नव्हता, हर्क्यूलस सेगर्स नावाच्या आधीच्या पिढीतल्या चित्रकाराचा होता. सेगर्स म्हणजे विचित्र, एकाकी डोंगर-दऱ्या काढणारा माणूस. रंगीत कागदावर, कापडावर छापायचा, एका पत्र्याची दोन चित्रं सारखी निघू द्यायची नाहीत असाच जणू हट्ट. त्याच्या हयातीत लोकांना ते फारसं रुचलं नाही. कर्जापायी त्यालाही अ‍ॅम्स्टरडॅममधलं घर विकावं लागलं. त्याची छापचित्रं लोणी आणि साबण बांधायला रद्दीत गेली असं पुढे रेम्ब्रांटच्याच एका शिष्याने लिहून ठेवलंय. त्यात तिखटमीठ किती ते देव जाणे, पण रेम्ब्रांटला मात्र सेगर्सचं मोल कळलं होतं. त्याच्या घरात सेगर्सची आठ रंगचित्रं होती.

एचिंग म्हणजे काय ते थोडक्यात सांगते, म्हणजे पुढचं लक्षात येईल. तांब्याच्या गुळगुळीत पत्र्यावर मेणासारखा थर देतात. त्यावर सुईने चित्र काढतात. जिथे सुई फिरली तिथलं तांबं उघडं पडतं. मग पत्रा आम्लात बुडवतात, उघडं तांबं खाल्लं जातं, रेघेची खाच तयार होते. थर काढून पत्र्यावर शाई चोळतात, वरची पुसून घेतात, खाचेतली राहते. ओलसर कागद ठेवून दाबयंत्रातून काढला की चित्र उलटं छापून येतं. म्हणजे इथे चूक झाली तर पेन्सिलीसारखं खोडता येत नाही. तांबं खरवडावं लागतं, मग घासून घासून पुन्हा गुळगुळीत करावं लागतं. खोल गेलेली रेघ सहजासहजी जात नाही.

सेगर्सच्या त्या पत्र्यावर तोबिया आणि देवदूत कोरलेले होते. तोबितचं पुस्तक कॅथलिक वाचकांना माहीत असेल, बाकीच्यांच्या बायबलमध्ये ते नसतं, म्हणून सांगते. तोबित हा नीतिमान माणूस आंधळा होतो. मुलगा तोबिया याला तो दूरदेशी ठेवलेले पैसे आणायला पाठवतो. रस्ता माहीत असलेला एक सोबती मिळतो. तो सोबती म्हणजे रफाएल देवदूत, पण हे घरच्यांना अगदी शेवटपर्यंत कळत नाही. वाटेत मासा सापडतो, त्याच्या पित्ताने बापाची दृष्टी परत येते. पाठीमागे कुत्राही चालत असतो, मला तो फार आवडतो. रेम्ब्रांटचा या गोष्टीवर जन्मभर जीव होता. विशीत असताना त्याने आंधळा तोबित रंगवला, आणि १६५१ मध्ये दाराकडे चाचपडत येणारा तोबित पुन्हा कोरला.

सेगर्सने ती जोडी मोठी काढली होती. चित्राच्या उजव्या बाजूला उंच देवदूत, भलेमोठे पंख, शेजारी मासा घेतलेला तोबिया. मागे दूरवर पसरलेला मुलूख.

रेम्ब्रांटने काय केलं? डावीकडचा मुलूख बराचसा तसाच ठेवला. उजवीकडची ती दोन मोठी माणसं खरवडून काढली. त्या जागी दाट झाडी कोरली, आणि झाडीच्या पायथ्याशी, अगदी लहान, योसेफ, गाढव, गाढवावर मरीया आणि तिच्या कुशीत बाळ. तोबियाच्या प्रवासाचं चित्र मिसरच्या पलायनाचं झालं. देवदूतासोबतचा प्रवास गेला आणि देवदूताशिवायचा आला.

पण पंख पूर्ण गेला नाही. झाडांच्या पानांत नीट पाहिलं तर त्या मोठ्या पंखाच्या रेषा अजून आहेत. रेम्ब्रांटने या पत्र्यावर पुन्हा पुन्हा काम केलं, टप्प्याटप्प्याने छापून पाहिलं, झाडी गडद केली, माणसांभोवती सावली वाढवली. पंखाची ती शेवटची रेघही त्याला घासून टाकता आली असती. त्याने पानं त्यावर चढवली आणि राहू दिली.

हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा ट्रेनमध्ये होते. राईक्सम्युझियमच्या वेबसाईटवर हे चित्र आहे. दोन बोटांनी मोठं करत गेले, पंख काही सापडेना. नुसती झाडी. दादरपर्यंत शोधत होते. मग मध्येच एका क्षणी त्या फांद्या फांद्या राहिल्या नाहीत, आणि पिसांची ओळच्या ओळ समोर आली. त्यानंतर आता मला ती झाडं दिसतच नाहीत, पंखच दिसतो. तुम्ही शोधून पाहा, पण घाईने नाही.

आणि मला सगळ्यात जास्त जाणवलं ते हे, की त्या तिघांपैकी कुणीही वर पाहत नाहीये. योसेफ चालतोय, बस. त्यांना झाडी दिसत असेल, काळोख दिसत असेल. पंख आपल्याला दिसतो, कारण आपण बाहेर उभे आहोत आणि हातात वेळ आहे. मागच्या महिन्यात आम्ही तिसऱ्यांदा भाड्याचं घर बदललं. टेम्पोत गाद्यांवर बसून मी देवाला विचारत होते की आता कुठे. उत्तर आलं नाही. टेम्पो सिग्नलला थांबला, सुटला, आणि आम्ही नव्या बिल्डिंगखाली पोचलो, एवढंच. योसेफाचा रस्ता साधारण असाच असणार असं आता वाटतं.

यावर कुणी म्हणेल की रेम्ब्रांटने कर्जाच्या चिंतेत हे सगळं ठरवून केलं असेल. तसं मी म्हणणार नाही. पलायनाचा विषय तो तरुणपणापासून हाताळत होता, आणि १६५१ मध्ये रात्रीचा, कंदिलाच्या उजेडातला, तर १६५४ मध्ये ओढा ओलांडतानाचा असे आणखी दोन पत्रे त्याने केलेत. हे कुटुंब त्याच्या मनातून जातच नव्हतं, एवढं मात्र दिसतं. आणि हेही विसरू नका की तो हा पत्रा घासत होता तेव्हा गेर्ट्ये खाउडाच्या भिंतींआडच होती. तिच्या वाटेवर रेम्ब्रांट दूत नव्हता.

पुढची वर्षं भरभर खाली जातात. १६५४ मध्ये हेंड्रिक्ये गरोदर होती. लग्नाशिवाय एकत्र राहते म्हणून चर्चच्या मंडळाने तिला बोलावून घेतलं आणि प्रभुभोजनापासून दूर ठेवलं. रेम्ब्रांटने तिच्याशी लग्न का केलं नाही, तर सास्कियाच्या मृत्युपत्रात अट होती, पुन्हा लग्न केलं तर तिच्या पैशावरचा हक्क जाणार. आणि तेव्हा तो पैसा सोडणं त्याला परवडणारं नव्हतं. शिक्षा तिला झाली. मुलगी झाली, तिचं नावही कॉर्नेलिया. ही जगली.

१६५६ मध्ये त्याने दिवाळखोरी पत्करली. अधिकारी घरी येऊन प्रत्येक खोलीतली वस्तू लिहून गेले. ३६३ नोंदी. त्यात सेगर्सची चित्रं आहेत, शंख आहेत, आणि एक जुनं बायबलही आहे. त्याच वर्षी त्याने अब्राहामाच्या दारी आलेले तीन पाहुणे कोरले, उत्पत्ती १८. गंमत म्हणजे त्या चित्राची बैठक आपल्याकडची आहे. मुघल दरबारातली लघुचित्रं हॉलंडपर्यंत पोचली होती, रेम्ब्रांटने त्यांतली वीसेक तरी हाताने उतरवून घेतली, शाहजहानसुद्धा. त्यांतल्या एकात झाडाखाली बसून बोलत असलेले चार वृद्ध सूफी आहेत. त्यांच्यावरून त्याने अब्राहामाच्या अंगणात, जमिनीवर बसून जेवणारे स्वर्गीय पाहुणे घडवले.

१६५८ मध्ये घर लिलावात गेलं, खरेदीपेक्षा कमी किमतीला. कुटुंब रोझनखराख्तवरच्या भाड्याच्या साध्या घरात आलं. कर्जदारांपासून वाचण्यासाठी हेंड्रिक्ये आणि टायटस यांनी चित्रांचा धंदा आपल्या नावावर घेतला आणि रेम्ब्रांट कागदोपत्री त्यांचा नोकर झाला. १६६२ मध्ये त्याने सास्कियाची कबरसुद्धा विकली. १६६३ मध्ये हेंड्रिक्ये गेली. १६६८ च्या फेब्रुवारीत टायटसचं लग्न झालं आणि सप्टेंबरमध्ये तोही गेला. बापाला पोर पाहायला मिळालं नाही. पुढच्या मार्चमध्ये नातीचा बाप्तिस्मा झाला तेव्हा आजोबा उभे होते.

४ ऑक्टोबर १६६९ ला रेम्ब्रांट वारला, वय ६३. वेस्टरकर्क चर्चमध्ये पुरलं. कबर स्वतःची नव्हती, आणि आज तिची जागा कुणालाही दाखवता येत नाही.

त्याच्यामागे एक अपुरं चित्र राहिलं. म्हातारा शिमोन मंदिरात बाळ येशूला हातांवर घेऊन उभा आहे, लूक २. डोळे जवळजवळ मिटलेले. हात ताठ, पुढे केलेले, बोटं पसरलेली. तो बाळाला धरत नाही, नुसतं पेलतो. चेहऱ्यावरचा रंग इतका विरळ आणि खडबडीत की जवळून पाहिलं तर फक्त डाग.

उद्या आपण वचन १६ ते १८ वाचणार आहोत. आधीच सांगून ठेवते, ते वाचायला जड आहे. बेथलेहेमात त्या रात्री आणखीही घरं होती, त्यांतही दोन वर्षांच्या आतली मुलं झोपली होती, आणि त्या घरांत दूत गेला नाही.